खालचा सूर

मी आठवीत असताना आमच्या परळच्या शाळेत गाण्याच्या नव्या बाई आल्या. समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकाच चालीत, जमेल तेवढ्या मोठ्यानं गायचं, एवढंच आम्हाला तोवर माहीत होतं. बाईंनी आमचे दोन गट केले. मोठ्या गटाला गाण्याची मूळ चाल दिली. उरलेल्या सहा-सात जणींना म्हणाल्या, "तुम्ही शब्द तेच म्हणायचे, पण खालच्या सुरात. तुमची चाल वेगळी."

त्या उरलेल्यांत मी होते. मला ती शिक्षाच वाटली. बाईंनी आमचा भाग मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला होता. लालबागच्या घरी मी तो घोकायला लागले की आई चपात्या लाटता लाटता विचारायची, "ह्यां गाणां आसा काय रडगाणां गो?"

तिचं खोटं नव्हतं. आमचा भाग एकटा म्हटला तर गाणं ओळखूच येत नसे.

सरावाला तर आणखी पंचाईत. शेजारून मूळ चाल कानावर आली की आमचा सूर आपसूक तिकडे घसरायचा. वरळीच्या बीडीडी चाळीतून येणारी माझी मैत्रीण माझ्याच बाजूला उभी असायची. तिनं सरळ कानावर हात दाबून गायला सुरुवात केली. बाईंनी तो हात हळूच खाली घेतला.

"कान बंद करून एकत्र कसं गाणार? त्यांचं ऐकायचं, आणि आपलं सोडायचं नाही."

मग मधल्या सुट्टीत आम्ही दोघी जिन्याखाली बसायला लागलो. ती मूळ चाल म्हणायची, मी खालची, मग अदलाबदल. एकदा एका ओळीवर दोन्ही सूर असे काही जुळले की आम्ही गायचं थांबून एकमेकींकडे बघत राहिलो.

"परत घे ना," ती म्हणाली.

स्पर्धा दादरच्या एका सभागृहात होती. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याला मोठ्या गटातल्या पुढच्या मुलीनं चुकून तिसरंच कडवं उचललं. अर्ध्या मुली तिच्यामागे गेल्या, अर्ध्या गोंधळल्या, आणि बघता बघता सगळा गट गप्प झाला. पेटी आणि आम्ही, एवढंच उरलं. मूळ चाल आपणच घ्यावी असं क्षणभर माझ्या मनात आलं. तेवढ्यात मैत्रीण सरकून मला अगदी खेटून उभी राहिली. ती खालच्याच सुरात गात होती. बाईंचा हातही आमच्याकडे वळून ठेका देत होता. मी गात राहिले. आमचे शब्द ऐकून मोठ्या गटातली एक मुलगी परत आली, मग दुसरी, आणि कडवं संपेपर्यंत सगळ्या आल्या.

नंबर आला नाही. बाहेर ती पुढची मुलगी रडत होती. "माझ्यामुळे गेलं. बाई, पुढच्या वेळी मला मागे उभं करा."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "पुढेच उभं राहायचं."

माझी मैत्रीण तिला म्हणाली, "रडतेस काय? आम्ही होतो ना!"

बसस्टॉपकडे जाताना त्या मुलीनं डोळे पुसले आणि आमची चाल शिकव म्हणाली. मैत्रीण एकेक ओळ सांगत होती. ती मुलगी दर वेळी मूळ चालीवर घसरत होती, आणि आमच्याबरोबर स्वतःही हसत होती.