पोटदुखीचा निरोप

माझं तोंड फटकळ आहे, हे मला कुणी सांगायला नको. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं सासूबाई म्हणायच्या आणि खरंच म्हणायच्या. पण आई म्हणून मी कुठे कमी पडते, असं मला कधी वाटलं नव्हतं. पनवेलजवळच्या आमच्या गावात जुनं घर पाडून आम्ही पक्कं घर बांधलं. खाली मोठे दीर आणि जाऊबाई, वर आम्ही, त्यावर गच्ची. आठ वर्षांच्या लेकीला स्वतंत्र खोली, टेबल, पंखा, सगळं दिलं. आणखी काय हवं असतं पोराला?

भांडण झालं जवळ्यावरून. मे महिन्यात जाऊबाई पावसाळ्याच्या बेगमीला गच्चीवर सुका जवळा आणि बोंबील वाळत घालतात. मी खारघरच्या कॉलेजात नोकरीला. रविवारी कामावर नेसायच्या साड्या वाळत घातल्या आणि त्यांना वास लागू नये म्हणून जवळ्याची चादर कोपऱ्यात ओढली, वरची जाळी परत लावायला विसरले. तासाभरात कावळ्यांनी फन्ना उडवला. जाऊबाई वर आल्या आणि कडाडल्या, "शिकल्याली हाय ना ती, तिला आमची मासली वास मारते!" मीही गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, "एवढ्याशा जवळ्यासाठी गाव गोळा करू नका." झालं. त्या दिवसापासून अबोला.

पण एका घरात राहायचं म्हणजे बोलण्यावाचून अडतंच. पाण्याची मोटर खाली, टाकी वर. सिलिंडरवाला खाली, कुरिअर खाली. शिवाय शाळेतून आली की मी येईपर्यंत लेक त्यांच्याकडेच असायची. तेव्हा दोघींच्या मधे निरोप्या कोण? तीच. "जा, सांग तिला." "जा, सांग तुज्या आयशीला." दिवसाला दहा खेपा.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी. ओवा झाला, हिंग झाला, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट ठणठणीत. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही ताण आहे का?" मी तडकलेच. "आमच्या घरात कसला ताण? कुणी दारू पीत नाही, कुणी मारत नाही. स्वतःची खोली आहे तिला!" लेक बाजूला बसून फ्रॉकची कड चोळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून वाहायला लागली. मी भाकऱ्या थापत होते. ओरडले, "जा, म्हणावं झोपा काढताय का? टाकी वाहतेय!" ती गेली. मग आठवलं, तिने चप्पल घातली नव्हती आणि जिना ओला होता. म्हणून पीठभरल्या हातांनी मागे गेले.

ती जाऊबाईंच्या दारासमोर उभी होती. एक हात पोटावर, ओठ हलत होते. परीक्षेआधी पाठांतर करतात ना, तसे. मग तिने कडी वाजवली.

"मोठी आई, टाकी भरली. आई म्हणते तू सावकाश ऊठ, तुझा गुडघा दुखतो ना."

आतून आवाज आला, "सांग तिला, मला पन डोले हायत."

मी मागच्या मागे वर पळाले आणि तव्यापुढे उभी राहिले. ती आली. म्हणाली, "मोठी आई म्हणाली, बरं झालं सांगितलंस."

अगं बाई! माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मागच्या आठवड्यात 'मोठ्या आईला तुझ्या कालवणाचा वास आवडला' म्हणाली होती, ते? माझ्या तापाची चौकशी केली होती, ती? सगळं हिच्या पदरचं. आम्ही दोन घोड्या एकमेकींना लाथा झाडत होतो आणि हे एवढंसं लेकरू मधे उभं राहून त्या लाथा पोटात घेत होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की गॅस बंद केला, तिचा हात धरला आणि खाली गेले.

जाऊबाईंनी दार उघडलं. मी पहिल्यांदाच शब्द जुळवत होते. "ताई, जवळा माझ्यामुळे गेला. वर बोललेही वाकडं. चुकलं माझं."

त्या म्हणाल्या, "म्हंजे? ती माफी तर तू कवाच मागितलीस. शाला सुरू झाली त्याच दिवशी पोरगी सांगून गेली. मीच ताठ बसले."

मी लेकीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. "नाही ताई," मी म्हटलं, "ती हिने मागितली होती. मी आज मागतेय."

जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आनि मी हिच्यासंगती काय काय धाडलं, आय गो," एवढंच म्हणाल्या.

लेकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पोटावरचा हात अजून तिथेच होता.

"मग आता मी कुणाला काय सांगितलं, ते लक्षात नको ना ठेवायला?"

"नाय गो बाय," जाऊबाई म्हणाल्या, "कायच नको," आणि तिला पोटाशी धरून आत घेऊन गेल्या. मी पीठभरल्या हातांनी त्यांच्या मागे गेले.