कुणाला काही शंका?

दादाराव म्हणजे हाडाचे मास्तर. औरंगाबादेत जन्मभर भूगोल शिकवला आणि ऑस्ट्रेलियात लेकीकडे, रूपालीकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला आले तरी खोड काही गेली नाही. दुकानात केळी घेतली तरी ती कुठल्या हवामानात येतात हे ऐकल्याशिवाय रूपालीची सुटका नसे.

धाकटा सुजित जनावरांचा डॉक्टर. बोट्स्वानात हत्ती मोजायच्या कामावर गेला, तेव्हा त्याच्या आईनं, गंगुबाईंनी, रडून घर डोक्यावर घेतलं. दादाराव म्हणाले, "अगं वेडे, मकरवृत्त आपल्या क्वीन्सलँडमधून जातं, तेच बोट्स्वानातून जातं. एका रेषेवरच आहे की पोरगा!"

मे महिन्यात त्याचं छोटं विमान तिथल्या दलदलीत कोसळलं. हाती काहीच लागलं नाही. दादारावांच्या डोळ्यांत टिपूस नाही, तोंडात पोराचं नाव नाही. गंगुबाई विचारायच्या, "नेमकं कुठं पडलं हो?" की हे उठून अंगणात. बाईनं तरी किती दिवस भिंतीशी बोलायचं?

सुजितच्या पुण्यानुमोदनाला कम्युनिटी हॉल भरला. वंदना झाली. आता बापानं दोन शब्द बोलायचे, ही रीतच. तर या गृहस्थानं काय करावं? पिशवीतून जगाचा नकाशा काढला, भिंतीला लावला आणि झाला सुरू!

"बोट्स्वाना. चहूबाजूंनी जमीन, समुद्र नाही. बहुतेक भाग कलहारी वाळवंट. जगात सर्वांत जास्त हत्ती इथं. पाऊस पडतो वर अंगोलात. ते पाणी ओकावँगो नदीतून महिनोन्‌महिने चालत येतं आणि ऐन कोरड्या दिवसांत पोचतं. मग हत्ती, रानम्हशी, सगळे त्या पाण्यावर जगतात. हस्तिदंतासाठी चोर टपलेले, म्हणून कळप मोजावे लागतात. विमानातून."

लोक चुळबुळू लागले. रूपालीनं शर्ट ओढला. "बाबा, प्लीज, सुजितबद्दल बोला ना." पण मास्तर थांबतील तर शपथ.

"ही नदी समुद्राला मिळत नाही. दलदल होऊन वाळूतच जिरते." त्यांनी घसा खाकरला आणि सवयीनं विचारलं, "कुणाला काही शंका?"

पहिल्या रांगेतून पांढऱ्या साडीतल्या गंगुबाईंनी हात वर केला.

"मला आहे. माझा पोरगा कुठंय, तेवढं दाखवा."

दादारावांनी दलदलीच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथं" म्हणायला गेले आणि तोंडातून "सुजित" निघालं. मग मात्र बांध फुटला. सत्तरीचा माणूस भिंतीला कपाळ टेकून हमसून हमसून रडला.

गंगुबाई उठून जवळ आल्या. "आणि आपण?"

दादारावांनी त्यांचं बोट धरून मकरवृत्ताच्या रेषेवरून पार क्वीन्सलँडपर्यंत नेलं.

"अहो," गंगुबाई म्हणाल्या, "एका रेषेवर म्हणाला होतात ना? मध्ये सगळा समुद्रच आहे की हो."