रीपासिंगला आलेली माणसं

नोकरीत असताना एकही किस्सा मी मुद्दाम लक्षात ठेवला नाही. डब्याच्या पिशवीच्या तळाशी रबरबँड, चिल्लर नि कुणाकुणाच्या लग्नपत्रिका साचत जातात ना, तसे ते आपोआप साचले. आता आम्ही जुने सहकारी महिन्यातून एकदा क्रांती चौकाजवळ चहाला बसतो. पहिला कप संपायच्या आत कुणीतरी म्हणतं, "अहो, तो कोकरूवाला आठवतो का?" झालं! मग घरून तीन फोन येईपर्यंत कुणी उठत नाही.

मी मोटार वाहन निरीक्षक होते. शहराबाहेरच्या मैदानावर उभं राहायचं, समोर आलेली गाडी तपासायची, पास नाहीतर फेल. माझ्या वाट्याला जास्त करून पंधरा वर्षं झालेल्या मोटारसायकली यायच्या. एवढी जुनी झाली की दुचाकी पुन्हा तपासून घ्यावी लागते. लोक त्याला 'रीपासिंग' म्हणतात. आधी ब्रेक लागला, दिवा पेटला की भागायचं. मग आरसे आले, इंडिकेटर आले, सायलेन्सर, हेल्मेट, एकेक नियम कडक होत गेला. आणि प्रत्येक नियमाबरोबर मैदानावर नवीन मंडळी यायला लागली!

माझ्याबरोबर दोघं असायचे. एक गायकवाडसाहेब, माझे वरिष्ठ. कडक इस्त्री, त्याहून कडक मिशा. दुसरे शेखभाई, गेटवर गाड्या रांगेत लावणारे. आवाज असा की त्यांना माईक कधी लागलाच नाही.

*

आरशांचा नियम कडक झाला तेव्हाची गोष्ट. आपल्याकडं नवी मोटारसायकल घरी आली की पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी आरसे निघतात. का? तर "गल्लीत अडकतात" आणि "भांग पाडायला घरी आरसा आहे की!" साहेबांनी सांगून टाकलं, दोन्ही आरसे नसतील तर गाडीला हातसुद्धा लावायचा नाही.

पहिल्या दिवशी निम्म्या गाड्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर एकूण एक गाडीला आरसे! म्हटलं, सुधारली बरं का माणसं.

दुपारपर्यंत मला काहीतरी खटकायला लागलं. प्रत्येक गाडीच्या डाव्या आरशाच्या कोपऱ्यात एक पोपटी टिकली. बायका कपाळाला लावतात तीच. पुन्हा तीच टिकली दिसली तेव्हा मी समोरच्या माणसाला धरलं.

"आरसा कुणाचा?"

"माझाच की मॅडम."

"आणि टिकली?"

त्यानं टिकलीवर अंगठा ठेवला. मग हळूच म्हणाला, "कमलमावशीची."

कमलमावशी म्हणजे आमच्या गेटबाहेर चहाचा गाडा लावणारी. तिच्याकडं चहा प्यायला की आरशांची जोडी वापरायला मिळायची. पास झालं की आणून द्यायची. मी तरातरा गाड्यावर गेले. मावशीनं आधी माझ्या हातात कप दिला.

"मावशी, हे बरं नाही. लोकांनी आपापले आरसे लावावेत म्हणून नियम केलाय."

"व्हय ना बाई! मी बी त्येच सांगती समद्यांना. पण ऐकतंय कोण? आमच्या मालकांच्या गाडीची रीपासिंग कधीची अडकून पडलीय!"

"का बरं?"

"आरसेच मोकळे व्हईनात!"

*

हेल्मेटची तपासणी सुरू झाली तेव्हा शेखभाईंच्या अंगात वारं शिरलं. हेल्मेट नसलेल्याला ते गेटच्या आत येऊ देत नसत. वर भाषण! "सर एकीच मिलता जिंदगी में! दुसरा कौनसे दुकान से लाओगे?" बाहेर दोनेक डझन लोक उन्हात उभे, आणि शेखभाई गेटवर सिनेमातल्या ठाणेदारासारखे.

एवढ्यात एक स्कूटर आली. चालवणारी बाई, डोक्यावर हेल्मेट, पट्टा नीट लावलेला. कोपरात दुसरं एक हेल्मेट अडकवलेलं. शेखभाई लोकांकडं वळून म्हणाले, "देखो! सीखो कुछ इन से!"

बाईंनी काच वर केली. त्या शेखभाईंच्या बेगम होत्या.

"अजी सुनो, तुमारा हेल्मेट! आज भी घरकूच छोडके आये!"

रांगेतून जी टाळी पडली ती मैदानाच्या पार टोकाला मला ऐकू आली. शेखभाईंनी हेल्मेट घेतलं, रुमालानं पुसलं आणि एकदम गंभीर चेहऱ्यानं लोकांना म्हणाले, "मैं तो देख रा था, लाती के नै!"

*

शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागलेला एक तरुण वडिलांची जुनी मोटारसायकल घेऊन आला. गाडी उत्तम, पण सायलेन्सर बदललेला. त्यानं गाडी चालू केली आणि लिंबावरची सगळी पाखरं उडाली. मी गाडी फेल केली. म्हटलं, आधीचा सायलेन्सर लाव, मग ये.

पोरगा बिचारा ऐकणारा होता. चार दिवसांत बदलून आला, गाडी पास झाली, मीही विसरले.

काही दिवसांनी एक बाई मला शोधत मैदानावर आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. "माझ्या पोराच्या गाडीचा सायलेन्सर काढाया लावला त्या म्याडम तुमीच का?"

मला वाटलं, आभार मानायला आल्या. "हो, मीच. आता शांतता आहे ना गल्लीत?"

"शांतता लई हाय! पर माझं काय? गाडी वळणावर आली की मला आवाज यायचा. तवा ठेवायची मी. ह्यो हातपाय धुऊन बसला की ताटात गरम भाकर. आता चोरावानी येतोय, दार वाजल्यावर कळतंय!"

मी म्हटलं, "अहो, फोन करायला सांगा की त्याला."

"सांगितलं की. फोन उचलायचा तर पिठाचा हात!" असं म्हणून त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी नि ठेचा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या. गारच हायेत. तुमाला बी कळू द्या, कशी लागतीय ती."

शेखभाईंनी मला एकच भाकरी मिळू दिली.

*

गायकवाडसाहेबांच्या स्वतःच्या स्कूटरला पंधरा वर्षं झाली, त्या दिवशी आख्खं ऑफिस खिडकीत होतं. साहेब स्कूटर घेऊन रांगेत उभे राहिले. शेखभाई म्हणाले, "साहब, आप सीधे आगे आव ना." साहेबांनी असं बघितलं की शेखभाईंनी पुढच्या दोन गाड्यांचेसुद्धा नंबर तपासले.

नंबर आला. मी म्हटलं, "साहेब, राहू द्या. तुमची गाडी मी रोज बघते."

"बाई, रोज बघता ती पार्किंगमधली. आज रस्त्यावरची बघा."

बघितली. आरसे ठीक, दिवा ठीक, हॉर्न खणखणीत. मागचा ब्रेक मारला आणि स्कूटर आपली छान पुढं चालत राहिली! मी पुन्हा मारला. ती पुन्हा निघाली. साहेबांच्या मिशा जरा थरथरल्या.

"काय झालं, बाई?"

माझ्या नोकरीची तेव्हा सुरुवातच होती. ह्याच माणसाच्या सहीनं मी कायम होणार होते. "साहेब, मागचा ब्रेक... थोडासा..."

"थोडासा ब्रेक असतो का? लागतो किंवा लागत नाही."

"लागत नाही."

"मग?"

"फेल," मी म्हटलं. खिडकीतली सगळी डोकी एकदम आत गेली.

साहेबांनी स्कूटर ढकलत गेटबाहेर नेली. पुढचे दोन दिवस ते सिटी बसनं आले, आणि मी घरी आईला सांगून ठेवलं की बहुतेक गडचिरोलीला जावं लागणार.

तिसऱ्या दिवशी एक पुढारी आपल्या माणसाच्या गाडीसाठी साहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसला. "साहेब, एवढं आपल्या ओळखीनं करून टाका." मी बाहेरच उभी होते. आतून साहेबांचा खणखणीत आवाज आला:

"अहो, माझी स्वतःची गाडी पास होईना इथं! माझी काय ओळख लावता? त्या बाहेर उभ्या आहेत ना, त्या बाईंना भेटा. आणि ब्रेक बघून जा!"

*

अलीकडं नियम आला की दुचाकीवर चार वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर त्याला पट्ट्यानं मोठ्या माणसाच्या अंगाशी बांधायचं आणि डोक्यात हेल्मेट घालायचं. आम्ही गेटवर मोठा बोर्ड लावला. गायकवाडसाहेब तोवर निवृत्त झाले होते. आता मीच तिथली मोठी साहेब.

डोंगराच्या बाजूच्या एका वस्तीवरून मेंढरं राखणारे एक तात्या रीपासिंगला आले. खांद्यावर घोंगडी, डोक्यात हेल्मेट, आणि छातीशी मुंडाशाच्या कापडानं गच्च बांधलेलं काहीतरी. शेखभाईंनी वाकून बघितलं. त्या काहीतरीनं "बँऽऽ" केलं.

"चाचा, ये क्या है?"

"लेकरू."

"ये लेकरू है?"

"माय मेली ह्याची, सायब. बाटलीनं पाजावं लागतंय. घरी कोण नाय, मंग कुठं ठिवू?"

मी जवळ गेले. गाठ अशी पक्की मारलेली की मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. म्हटलं, "तात्या, बांधलंय मात्र छान."

"मंग! मागल्या खेपेला आलतो तवा बोर्ड वाचून घेतला एका मास्तरकडनं. चार वर्साच्या आतलं असंल तर बांधायचं. ह्याला आजून म्हैना नाय झाला!"

"अहो, ते माणसाच्या लेकरासाठी आहे."

"मंग तसं लिवायचं की, बाई!"

बोर्ड खरंच तसा लिहिलेला नव्हता. गाडीची तपासणी होईस्तोवर शेखभाई कोकराला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत बसले आणि गेटवरची रांग तशीच थांबली. गाडी पास झाली. तात्यांनी लेकराला पुन्हा छातीशी बांधलं, तेव्हा शेखभाईंना राहवलं नाही. "चाचा, पट्टा तो ठीक है. लेकिन हेल्मेट? बोर्ड पे वो भी लिखेला है!"

तात्यांनी कोकराच्या कपाळावरनं बोट फिरवलं. "आजून शिंगं फुटायचीत, सायब. येकदाची फुटू द्या, मंगच माप देतो!"

*

करमाडकडचं एक जोडपं आलं होतं. बाई गाडी चालवत होत्या. पन्नाशीच्या, नऊवारीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यात हेल्मेट. मागं त्यांचे मालक बसलेले. बाई उतरल्या, त्यांच्या खांद्याला हात लावून मालक उतरले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना दिसत नव्हतं. साखरेनं डोळे गेले होते.

गाडी मालकांच्या नावावर. लायसन बाईंचं, चांगलं चालू. मालकांचे डोळे गेल्यावर त्यांनीच बायकोला शेताच्या कडेनं गाडी शिकवली होती, मागं बसून, नुसतं इंजिन ऐकून. आता दवाखाना, बाजार, लेकीचं गाव, सगळं दोघं ह्याच गाडीवर करायचे.

गाडी फार जपलेली. ब्रेक, दिवा, हॉर्न, सगळं जिथल्या तिथं. मी म्हटलं, "डावा इंडिकेटर लावा."

लागला नाही.

"त्यो लई वर्सांपासून बंद हाय," मालक म्हणाले. "त्याचं काम नाय पडत. डाव्या हाताला मी असतो की."

"म्हणजे?"

"वळायचं आलं की मी हात दावतो."

"पण तुम्हाला कसं कळतं, वळायचंय ते?"

ते हसले. "म्याडम, गाडी मीच चालवतो. ही नुसती रस्ता बघती."

बाई हेल्मेटच्या आत हसल्या. शेखभाईंनी माझ्याकडं बघितलं. मीही क्षणभर घुटमळले. पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला हे सगळं कुठं माहीत असतं? म्हटलं, "काका, असं पास करता येणार नाही. चारी इंडिकेटर चालू पाहिजेत. समोरच्या दुकानात बसवून घ्या, मी थांबते."

त्यांचा चेहरा उतरला. खिशाशी हात नेत ते म्हणाले, "म्हंजी मंग माझ्याबिगर बी चालती म्हना गाडी."

"काय बी बोलता!" बाई एकदम म्हणाल्या. त्यांना तिथंच कमलमावशीच्या बाकड्यावर बसवलं आणि गाडी घेऊन त्या समोरच्या दुकानात गेल्या. चहा होईस्तोवर परत आल्या. मी पुन्हा तपासलं. डावा इंडिकेटर लखलखीत पिवळा, टक टक टक. गाडी पास केली.

दोघं निघाले. बाईंनी मालकांच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला, किक मारली. गेटपाशी डावीकडं वळायचं होतं. गाडी हळू झाली, नवा इंडिकेटर लागला, लुकलुकायला लागला.

आणि त्याच क्षणी मालकांचा डावा हात बाहेर आला, सरळ, ताठ, खांद्याच्या रेषेत.

बाईंनी मान जराशी वळवली. मग इंडिकेटर बंद केला.

"मॅडम," शेखभाई म्हणाले, "वो इंडिकेटर..."

"पुढची गाडी घ्या, शेखभाई," मी म्हटलं.