मागच्या ओळीतल्या दोन कबरी

आमच्या चर्चचा इतिहास छापून आलाय. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. कॅम्पातल्या गोऱ्या पलटणीसाठी चर्च बांधलं, दगड कुठल्या खाणीतला, घंटा कुठनं आणली, कुठला फादर किती वर्षं होता, सगळं त्यात हाय. कबरस्तानावर दीड पान हाय. ते सगळं पुढच्या संगमरवरी कबरींवर. मागच्या ओळींबद्दल एक अक्षर नाही. तिथं मी सत्तावीस वर्षं खड्डे काढले. तर मागच्या ओळींचं मी सांगतो. शाळा तिसरीपर्यंत. जसं येतं तसं लिहितो.

पुढं गोऱ्यांच्या कबरी. पटकीनं मेलेले सोल्जर, त्यांच्या बायका, आठ-आठ दिवसांची पोरं. शंभर वर्षांत त्यांना विचारायला कुणी आलं नाही, पण त्यांच्या दगडाला हात लावायचा नाही. त्यांच्या मागं आपल्यातली मोठी घराणी. सिमेंटच्या कबरी, नावं कोरलेली, जागा पक्की. आणि सगळ्यात मागं, भिंतीच्या कडेला, आम्ही. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा त्याला सांगितलं होतं, इथं सगळे सारखे. वेदीपुढं असतील. कबरस्तानात नव्हते.

मागच्या ओळीचा नियम असा. माणूस पुरला की वर लोखंडी क्रूस रोवायचा, त्यावर नंबर रंगवायचा. पाच पावसाळे झाले की कबर उघडायची, हाडं पोत्यात गोळा करायची, भिंतीजवळच्या हौदात टाकायची आणि जागा पुढच्या मयताला द्यायची. हौदावर लोखंडी झाकण होतं. कबर उघडायच्या आधी घरच्यांना सांगायचं काम माझ्याकडं. बायका रडायच्या, अजून एक वर्ष थांबा म्हणायच्या. मी सांगायचो, नियम हाय, आत्मा वर गेला, खाली काय राहिलंय आता. लई शहाण्यासारखा सांगायचो.

माझी बायको निपाणीची. लग्नाआधी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथली भुकटी छातीत घेऊनच ती माझ्या घरी आली. मी कबर उघडून आलो की मला दारातच थांबवायची, कपडे बाहेर उतरवायला लावायची, दगडावर दोनदा आपटून धुवायची. जेवताना माझ्या हाताकडं बघायची. बोलायची मातूर नाही. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसात तिनं अंथरूण धरलं, तवा एकदाच बोलली.

"अवो, मला एकदा ठेवलं की ठेवलं. परत उकरू नगासा. त्या हौदात तर न्हायच."

मी म्हटलं, गप पड, तुला काय होत नाही. हो म्हणालो नाही. हो म्हणायला काय गेलं असतं माझं?

ती गेली. खड्डा मीच काढला, दुसऱ्या कुणाला फावडं धरू दिलं नाही. दोन वर्षांनी तिच्या शेजारची कबर मी रिकामी केली आणि त्या जागेत आमच्याच गल्लीतली एक विधवा आली. ती फादरांच्या घरी भाकऱ्या करायची. माझी बायको आजारी होती तवा रोज दोन भाकऱ्या झाकून आणून द्यायची, बस म्हटलं तरी बसायची नाही. तिला एकच मुलगा, लष्करात. मातीला त्याला पोचता आलं नाही. महिन्यानं आला आणि क्रूस धरून बसून राहिला.

बायकोला पाच पावसाळे झाले. तवा नवीन फादर आलते, मंगळुराकडचे. चर्चमध्ये मिस्सा मराठीत की कन्नडात की कोंकणीत, यावरनं भांडणं पेटलेली. शेजारी शेजाऱ्याचं तोंड बघत नव्हता. मागच्या ओळीतली हाडं कुठल्या भाषेची, यावर मातूर कुणी भांडलं नाही. सगळी एकाच हौदात जायची.

कबरस्तानाची जुनी वही वाळवीनं खाल्लेली. फादरांनी मला बरोबर घेऊन क्रुसांचे नंबर उतरवले आणि उघडायच्या कबरींची यादी केली. त्यात माझ्या बायकोचा नंबर होता. मी त्यांच्या घरी गेलो. माणूस वाईट नव्हता. बसवलं, चहा दिला. मी म्हटलं, एवढी एक कबर सोडा, मी काही मागितलं नाही आजवर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नियम सगळ्यांना एकच. तुम्हीच लोकांना सांगत आला ना?"

व्हय, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी जेवायला गेल्यावर, मी बायकोच्या आणि शेजारच्या विधवेच्या कबरीवरचे क्रूस उपटले आणि अदलाबदल करून रोवले. पावसानं मातीचे ढीग बसलेले, गुडघ्याएवढं गवत. एक विडी ओढून होईपर्यंत काम झालं.

मग यादीप्रमाणं बायकोच्या नंबराखाली मी खणलं. म्हणजे त्या विधवेला काढलं. तिला तीन वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. सगळं लिहीत नाही. केस तसेच होते, लुगड्याचा काठ ओळखू येत होता. फादर वर उभे, नाकाला रुमाल.

"पाच वर्षं झाली, तरी असं?"

"इथली माती तशी हाय, फादर."

त्यांनी ऐकलं. मी पोतं भरलं आणि हौदाचं झाकण उचललं. जिनं भाकरी दिली तिला मी आत टाकलं. त्या रविवारी फादरांनी प्रवचनात माझं उदाहरण दिलं. या माणसानं स्वतःच्या बायकोलाही नियमातनं सोडलं नाही, म्हणाले. लोक बाहेर येऊन माझा हात धरत होते. मी हात देत होतो.

मला वाटलं होतं, दोन वर्षं मिळाली. विधवेचा नंबर येईल तवा बघू. पण तिच्या मुलाला बढती मिळाली. रजेवर आला आणि आईची कबर पक्की करायची म्हणून कमिटीपुढं उभा राहिला. मागच्या ओळीत पक्की कबर पहिल्यांदाच होणार होती. वर्दीतल्या माणसाचं ऐकलं. माझं ऐकलं नव्हतं. वर काळा दगड बसला, त्यावर त्याच्या आईचं नाव. सिमेंट मीच कालवलं.

आता बायकोला कुणी उकरणार नाही. तिला पाहिजे होतं तसं झालं, दुसरीच्या नावाखाली. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तो त्या दगडावर हार घालतो, मेणबत्त्या लावतो. मी तिथं जाऊ शकत नाही. माझी बायको लोकांच्या लेखी हौदात, म्हणून मी दरवर्षी हौदाच्या झाकणापुढं उभा राहतो.

गेल्या साली तो माझ्याजवळ आला. आता पेन्शनीत हाय, केस पिकलेत. म्हणाला, "मामा, एक विचारू? तुमच्या हातात फावडं हुतं. मामीला का न्हाय ठेवलासा?"

तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर त्यानं मला तिथंच मारलं असतं, आणि बरोबर केलं असतं. पण मग दगड फोडला असता, खणलं असतं, आणि ती वर आली असती.

"नियम हुता," म्हटलं.

त्यानं मान हलवली. आपल्या पिशवीतनं एक मेणबत्ती काढली आणि वाकून हौदाच्या झाकणावर लावली. मामीला, म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याच्या आईला मिळालेली त्याची ती पहिली मेणबत्ती. मी बघत उभा राहिलो. ती विझेपर्यंत. ह्या लिहिण्यात कुणाचं नाव घातलेलं नाही. पण त्याच्या हातात हे पडलं तर त्याला कळंल. मग काय करायचं ते त्यानं करावं.