दारुइ म्हणजे दारू नव्हे

आम्ही पुण्याहून तोक्योला गेलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्या काळात तिथल्या ओजिमा भागातल्या सरकारी इमारतींत सतत कुठलं ना कुठलं भारतीय कुटुंब प्रेशर कुकर घेऊन उतरायचं, त्यातलंच आमचं एक. बाबा एका बँकेची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळायचे, आई घर सांभाळायची, आणि मला जवळच्या जपानी शाळेत घातलं. मुलं भाषा पटकन उचलतात, असं सगळे म्हणाले. मी उचलली नाही.

सुरुवातीला नुसतं हसून वेळ मारून नेली. मग हसायचाही कंटाळा आला. सकाळी जाग आली की अंगावर कुणीतरी ओली गादी टाकल्यासारखं वाटायचं. केस विंचरणंसुद्धा जिवावर यायचं. रडू यायचं, पण कशाचं ते विचारलं तर सांगता यायचं नाही.

घरात निदानं सुरू झाली. आईच्या मते रक्त कमी होतं, म्हणून बीट आणि खजूर. मावशीने फोनवरून दृष्ट काढायला सांगितली. आईने मोहरी-मिरच्या तव्यावर टाकल्या, तर छतावरच्या अलार्ममधली बाई अत्यंत शांतपणे आग लागल्याचं जाहीर करू लागली. शेजारचे आजोबा बादली घेऊन आले. बाबांनी ऑफिसातल्या सवयीने विचारलं, बिघाड होण्याआधी नेमकं काय बदललं होतं? मी म्हटलं, सगळंच.

मी शाळा बुडवू लागले तशी वर्गशिक्षकांनी वाट काढली: वर्गात बसू नकोस, पण शाळेत ये. तिथल्या शाळांत बरं नसलेल्या मुलांसाठी एक खोली असते. दोन पलंग, मध्ये पांढरा पडदा आणि देखरेखीला एक बाई. या बाई साधारण आईच्याच वयाच्या. नाडी बघायच्या, गार बार्लीचा चहा द्यायच्या आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारायच्या नाहीत.

पडद्यापलीकडच्या पलंगावरही एक मुलगी असायची. चेहरा बरेच दिवस दिसलाच नाही, नुसते सुस्कारे ऐकू यायचे. ती सारखी एकच शब्द म्हणायची, "दारुइ." अंग जड झालंय, काहीच करावंसं वाटत नाही, असा त्याचा अर्थ. मला तो इतका पटला की मीही इकडून "दारुइ" म्हणू लागले. वर्गात जे जपानी मला महिनोन्महिने जमलं नाही, ते पडद्याआडून भराभर यायला लागलं. फक्त ते सगळं आजाऱ्याचं जपानी होतं. स्टेशनचा रस्ता मला विचारता येत नव्हता, पण मळमळीचे प्रकार सांगता यायचे.

तो शब्द माझ्याबरोबर घरी आला. उठताना दारुइ, जेवताना दारुइ. आई माझ्या तोंडाचा वास घेऊ लागली. बाबांना ऑफिसातून भेट मिळालेली साकेची, म्हणजे जपानी दारूची, बाटली शोकेसमधून गेली आणि तांदळाच्या डब्यात सापडली.

एक दिवस आई थेट शाळेतच आली. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं: पंजाबी ड्रेस आणि पायात शाळेने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ढगळ सपाता. तिला जपानी येत नव्हतं. तिने माझ्या पलंगाकडे बोट दाखवलं, अंगठा तोंडाशी नेला आणि विचारलं, "दारू?"

बाईंनी गंभीरपणे होकारार्थी मान डोलावली. "हाय. दारुइ."

आई मटकन खुर्चीत बसली. आणि मला हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी आलेलं, पोट दुखेपर्यंतचं हसू. मी धापा टाकत काय झालं ते पलीकडच्या मुलीला सांगितलं, तशी तीही हसायला लागली, आणि आम्हा दोघींच्या हातून पडदा ओढला गेला. मला वाटलं होतं ती नाजूक असेल. ती चांगली उंच, दणकट मुलगी निघाली.

आईला दारूचा उलगडा केला. तिने डोळे पुसले आणि बाईंना विचारायला सांगितलं, मग हिला झालंय तरी काय? दुभाषी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून माझ्या दुखण्याची बोलणी मलाच करावी लागली. बाई सावकाश, सोपं बोलल्या. मी ते मराठीत आणलं:

"ती, म्हणजे मी, आळशी नाहीये. तिला खरंच त्रास होतोय. तिला डॉक्टरची गरज आहे."

हे मी आपणहून आईला कधीच सांगू शकले नसते. बाईंचं म्हणून सांगता आलं.

आईने खुर्ची माझ्या पलंगाजवळ ओढली. मग म्हणाली, "त्यांना सांग, मलाही इथे आल्यापासून तसंच वाटतं. दारुइ."

मी सांगितलं. बाईंनी अजून एक कप काढला.

डॉक्टरांकडे बाबा आले. ऑफिसातल्या साहेबांना त्यांनी मुलीचं पोट दुखतंय असं सांगितलं होतं. डॉक्टर नैराश्य म्हणाले, तेव्हा बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला मात्र साहेबांना खरं कारण सांगून आले. साहेबांनी नुसतं "लवकर निघा" म्हटलं, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

मी एका दिवसात बरी झाले नाही. गोळ्या, गप्पा, बरे दिवस, वाईट दिवस असं बरंच चाललं. आई वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गाला जाऊ लागली आणि घरी येऊन माझेच उच्चार सुधारू लागली. मी आधी फक्त चित्रकलेच्या तासाला वर्गात गेले. ती उंच मुलगी दारापर्यंत सोबत आली, आत मात्र आली नाही. तिची वेळ अजून यायची होती. फळ्यासमोर एक भोपळा ठेवला होता. मी मागच्या बाकावर बसले, पेन्सिल काढली. शेजारच्या मुलाने खोडरबर माझ्याकडे सरकवलं, कारण माझा भोपळा फारच वांग्यासारखा दिसत होता.