मुतखडा सांगितला होता

११ जुलै. सकाळपासून शाडूच्या गणपतींना पांढऱ्या रंगाचा पहिला हात देत होते. पावसाळी हवेत रंग लवकर वाळत नाही, म्हणून कारखान्यात पंखे लावून आम्ही बायका बसलो होतो. तेवढ्यात रोह्याहून थोरल्या जाऊबाई आल्या, पुन्हा पिशवीभर कुळीथ घेऊन.

मी सगळ्यांना मुतखडा झालाय असं सांगितलं होतं, आणि खड्यावर कुळथाचं पाणी देतात. झाला होता गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मुतखड्याबद्दल बायका भर बाजारात उभ्या राहून बोलतात. या जागेचं नाव निघालं की आधी त्या बाईच्या वागण्याची चर्चा होते. अशा चर्चेत मीही बसलेली आहे.

"तुझा खडा हाय का वरवंटा गो?" जाऊबाई म्हणाल्या. "आमच्या आळीतला कुळीथ संपत आला."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला होता. ओटीपोटातल्या गाठी सुजल्या होत्या. रोग तिथवर गेल्याचा संशय होता, म्हणून नुसत्या ऑपरेशनने भागणार नव्हतं. ऑपरेशन करून वर पुन्हा किरणं देण्यापेक्षा त्या सरळ किरणं आणि आठवड्यातून एकदा केमो घ्या म्हणत होत्या. पाच-सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज पनवेलला जायचं, सोबत माणूस हवा. गणपतीनंतर सुरू करू का, असं मी विचारलं. थांबलात तर बरं होणं अवघड होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर, त्याला एवढी रजा मिळणार नव्हती.

दुपारी जाऊबाईंना घरी जेवायला नेलं आणि भात वाढता वाढता, ताटाकडे बघत, सगळं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत. चिडल्या.

"शेजारणीच्या दारात जाऊन कुळीथ मागितला मी. तिला आता काय सांगू?"

रोगाचं नाव घेताना वाटली त्याहून जास्त लाज मला त्या न पाहिलेल्या शेजारणीची वाटली. माझ्यासाठी तिनं डबा रिकामा केला होता.

जाऊबाईंनी ताटातला भात संपवला. मग रोज किती वाजता निघावं लागेल, ते विचारलं.

"तुमची लावणी आहे," मी म्हटलं.

"लावणीला सुना हायत. मला मूर्ती रंगवता येत नाय, पण गाडीत बसता येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात मी सगळ्यांना हातातलं काम थांबवायला सांगितलं. कॅन्सर झालाय आणि कुठे झालाय, ते नाव घेऊन सांगितलं. माझे कान तापले होते. कुठं बघावं ते कुणालाच कळत नव्हतं. मग माझ्याकडच्या मोठ्या मूर्ती कुणी घ्यायच्या ते ठरवून दिलं, हात धुतले आणि जाऊबाईंबरोबर पनवेलच्या गाडीसाठी स्टेशनवर गेले.