डिकीवरचे ओरखडे

आमची गाडी लाल आहे, असं आरसी बुकात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात जळगावच्या उन्हाने ती विटून फिकट गुलाबी झाली होती, टपावर तर पांढुरकी. हात फिरवला की तळहाताला भुकटी लागायची. वीस वर्षांची ती छोटी गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी असे आणि निवृत्त झाल्यापासून मी तिच्या समोरच्या खुर्चीत. दोघांचीही बॅटरी उतरलेली, असं आमच्या घरातलं मत होतं.

मी पाटबंधारे खात्यात होतो. भडगावकडच्या कालव्यांवर पाण्याच्या पाळ्या सोडण्यात आणि बंद करण्यात माझी नोकरी गेली. माणूस नाकावर राग असलेला, हे त्या भागातल्या सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक. पण पाच वर्षांपूर्वी एक मोठा राग येऊन गेला आणि त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. सुख नाही, दुःख नाही, साधी चिडचिडही नाही. जेवलात का, असं कोणी विचारलं तर ताटाकडे बघून सांगावं लागायचं.

एप्रिलमध्ये एका सकाळी बायको चहाचा कप ठेवत म्हणाली, "पोरनी बदली धुयाले व्हयनी. ऐतवारले ई ऱ्हायनी. गाडी तिले दि टाका, उभी ऱ्हाईसन सडी जाई."

मुलगी बँकेत आहे. पुण्याहून धुळ्याला बदली झाली, आणि पाच वर्षांनी ती रविवारी घरी येणार होती. मी "दि टाकू" म्हणालो आणि चहा प्यालो. मला काहीच वाटलं नाही. फक्त डिकी आठवली.

गाडी घेतली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. एकुलती एक. रेडियमवाल्याकडून मी तिचं नाव पांढऱ्या अक्षरांत कापून घेतलं आणि डिकीवर मधोमध चिकटवलं. तीन अक्षरी नाव आहे, इथे लिहीत नाही. माझा चुलतभाऊ म्हणाला, "गाडीवर पोराचं नाव लावतात. पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार." मी म्हणालो, "मग तुझ्या पोराचं तुझ्या सायकलवर लाव." पंधरा वर्षं ते नाव तिथे होतं. रस्त्यात लोक गाडीला तिच्याच नावाने ओळखायचे.

मग तिचं लग्न ठरलं. स्थळ नरडाण्याकडचं. साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या, अर्ध्याअधिक वाटूनही झाल्या. लग्न आठ दिवसांवर आलं आणि तिने पुण्याहून फोन केला. मुलगा नोकरी सोड म्हणतो, तर मी हे लग्न करत नाही. मला तेव्हा ते कारणच वाटलं नाही. मी मुलाच्या घरी गेलो, ओट्यावर हात जोडून बसलो. त्यांनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही चहा विचारतात.

घरी आलो, गाडी लावली, उतरलो, तर समोर डिकीवर तिचं नाव. ओसरीवर गवत कापायचा विळा पडला होता, तो उचलला. रेडियम उन्हात जरा तापलं की नखानेही सुटतं, हे मला माहीत होतं. पण मी ते विळ्याने खरवडलं. पांढरं निघालं तरी खरवडत राहिलो. मग तिला फोन करून सांगितलं, या घरात पाऊल टाकू नको. तिने टाकलं नाही. शेवटी माझीच मुलगी.

त्या दिवशी मी गाडीची डिकी भिंतीकडे करून ठेवली, ती तशीच राहिली. बायको मधूनमधून पुण्याला जाऊन यायची. एकदा कुठल्याशा फोटोत मुलीला डिकी तिरपी दिसली, तेव्हा बायकोने सगळं गल्लीतल्या पोरांवर ढकललं होतं. हे तिने मला आत्ता, गाडी द्यायची ठरल्यावर सांगितलं. वर बजावलं, "तुम्ही बी तेच सांगा."

तेव्हा रविवारच्या आत ओरखडे घालवायचे, एवढं एकच काम माझ्यापुढे होतं. म्हणजे मुलगी बघणार नाही, विचारणार नाही, आणि मला काही बोलावं लागणार नाही.

शेजारी गोळा झाले. एक म्हणाला टूथपेस्ट लावा, दुसरा म्हणाला डिझेलचा हात मारा, आरशासारखी होते. डिझेलने गाडी दोन दिवस चमकते आणि मग महिनाभर धूळ खाते. मी जुन्या ओळखीच्या एका पेंटरकडे गेलो. साठीचे चाचा आहेत, आयुष्य ठोकलेल्या गाड्या सरळ करण्यात गेलं. त्यांनी मला स्टुलावर बसवून चहा मागवला.

"रंग मेलेला नाही, भाऊ," चाचा म्हणाले. "वरचा पापुद्रा मेलाय. रबिंग कंपाउंडने तो काढा, खाली लाल आहे. काम सकाळीच करा, पत्रा तापला की कंपाउंड वाळून बसतं. आणि ओरखड्यावर नख फिरवून बघा. नख सरकलं तर तो घासून जाईल. नख अडकलं तर सोडून द्या. हट्ट केला तर रंग जाईल आणि खालचं राखाडी बाहेर येईल."

गुरुवारी सकाळी शेजाऱ्यांच्या मदतीने गाडी ढकलून भिंतीपासून पुढे घेतली आणि धुतली. पाच वर्षांची धूळ चिखल होऊन वाहून गेली. आणि डिकीवर नाव दिसलं. पंधरा वर्षं रेडियमखाली झाकलेल्या जागेला ऊन लागलं नव्हतं, तिथला लाल जास्त गडद राहिला होता. गुलाबी डिकीवर लाल अक्षरं, आणि त्यांच्यावरून विळ्याच्या रेघा. मी थोडा वेळ बघितलं आणि पुढच्या बाजूला गेलो.

जुन्या बनियनच्या चिंध्या केल्या. थोडं कंपाउंड घ्यायचं, गोल गोल फिरवायचं, पुसायचं. चिंधी लाल व्हायची. बॉनेट, टप, दरवाजे, दोन सकाळी त्यातच गेल्या. पत्रा नऊ-साडेनऊलाच तापायचा, मग थांबायचं. खालून खरंच लाल येत होतं. बायको बाहेर येऊन "अरे वा" म्हणाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण दुखत होते ते फक्त खांदे.

शनिवारी डिकी घेतली. डावीकडून सुरुवात केली. बारीक रेघा निघून गेल्या. खोल होत्या तिथे नख अडकत होतं. पण दुसरंच काही झालं. भोवतीचा विटलेला थर निघाला, तिथला लाल वर आला, तसं पहिलं अक्षर त्याच्यात मिसळून दिसेनासं झालं. मी घासत राहिलो. दुसरंही गेलं. जे विळ्याने झालं नव्हतं ते बनियनच्या चिंधीने होत होतं.

तिसऱ्या अक्षरापाशी हात थांबला. आणखी दहा मिनिटं घासलं असतं की नाव गेलं असतं. मग उरल्या असत्या नुसत्या पाचसहा खोल रेघा, त्या गल्लीतल्या पोरांच्या नावावर खुशाल खपल्या असत्या. ठेवलं तर ते अक्षर आणि त्याच्यावरून फिरवलेला विळा, दोन्ही राहणार होते. मी चिंधी हातात घेऊन बसलो. ऊन डिकीवर आलं, कंपाउंड वाळलं. मी डबा बंद केला.

"एवढंच कसाले ठेवं?" बायकोने विचारलं. मी चिंध्या गोळा करून धुवायला टाकल्या.

रविवारी दहाच्या सुमारास मुलगी रिक्षातून उतरली. चेहरा जरा उतरलेला, केस कापलेले. वाकून पाया पडली. मी म्हणालो, "बॅटरी नवीन टाकली आहे." पाच वर्षांनी तिच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

ती गाडीभोवती हात फिरवत गेली. डिकीपाशी आली आणि खाली बसली. अंगठ्याचं नख डावीकडून उजवीकडे ओढत नेलं. नख अडकत होतं, आणि दर रेघेला आवाज होत होता. उरलेल्या अक्षरापाशी तिचा हात थांबला.

"आई म्हणे, गल्लीतल्या पोरांनी केलं," ती म्हणाली.

बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला फक्त मान हलवायची होती.

"नाही," मी म्हणालो. "मी खरवडलं. विळ्याने."

ती उठली नाही. "माले मालूम शे, नाना," असं म्हणाली. लहानपणी घरात बोलायची तसं. "पोरं एक रेघ ओढतस नि पयतस. हाई तर एकेक अक्षर धरीसन काढेल शे. फोटोमाच दिखनं व्हतं."

म्हणजे तिला सगळी वर्षं माहीत होतं. मी म्हणालो, पेंटरकडून डिकी पूर्ण रंगवून देतो, आठ दिवस ठेव. ती नको म्हणाली. "चालावताना माले डिकी कोठे दिखस?"

ती आईबरोबर जेवली. मी भूक नाही म्हणून बाहेरच बसलो. ऊन उतरल्यावर ती निघाली, पारोळ्यावरून अंधार पडायच्या आत धुळ्याला पोचायचं होतं. मी फाटक उघडलं. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, ब्रेकचे दिवे लागले, आणि लाल डिकीवरच्या रेघा आणि ते एक अक्षर मला इथून स्वच्छ दिसलं. तेव्हा मला वाईट वाटलं. फाटक उघडंच राहिलं.

गाडी वळल्यावर बायकोने आतून विचारलं, "वाढू का आते?"

मी जेवलो नव्हतो. ताट न बघता सांगितलं, वाढ.